बाईला भूत, गड्याला ताप

आसूड सपकन उतरला आणि अंगणात जमलेल्या गावानं जयजयकार केला. छबुबाईची पाठ सोलून निघाली होती. तिचे दोन्ही हात आवळून बसला होता तिचा नवराच, सुग्रीव.

"कोरड्या इहिरीतली आसरा हाय ही!" धोंडीराम देवरुषी गरजला. "तहानलीय. रगत प्याल्याबिगर सोडायची न्हाई!" दुष्काळात टँकरचं पाणी माणसाला पुरेना, आणि हा आसरेची, पाण्यातल्या भुताची, तहान भागवायला निघाला होता.

साखर कारखान्याची ऊसतोड उरकून कुटुंब परतलं, त्याला आठवडा झाला होता. एकाआड एक दिवस छबु हुडहुडायची, तापायची, बरळायची. आधी दोनदा आसूड खाऊन ती घामानं निथळली आणि ताप उतरला. सुग्रीवला आणखी काय पुरावा हवा?

आज मात्र घाम येईना. दातखीळ बसली, अंग झटके देऊ लागलं. धोंडीरामानं पुन्हा आसूड उगारला, तो मध्ये पडलेल्या गावच्या नर्स वत्सलाबाईंच्या दंडावर बसला. रक्त आलं. त्या हलल्या नाहीत.

"सुग्रीव, यायच्या आधी हा देवरुषी तुला काय इचारतो रे?"

"थंडी कवा भरली, ते."

"आन् येतो कवा?"

"चार-पाच तासांनी."

"म्हंजी घाम आपसूक सुटायच्या वक्ताला! तुझा भाऊ आश्रुबा ऊसतोडीला तुमच्यासंगंच कोपीत ऱ्हायला, त्यालाबी हाच ताप. जा, बघून ये."

सुग्रीव आत गेला, तर गोधडीखाली आश्रुबा घामानं चिंब होऊन शांत झोपला होता. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. गड्याला आला तो ताप आणि बाईला आलं ते भूत!

सुग्रीवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन त्यानं आसूड हिसकावला आणि धोंडीरामाला दोन ओढले. तिसरा वत्सलाबाईंनी अडवला.

"मारून कायबी उतरत न्हाई, हेच सांगतेय ना मी? जीप आण. दोघांलाबी केजच्या दवाखान्यात न्यायचंय."

वाटेत सुग्रीवनं विचारलं, "मग आज हिला घाम कावून आला न्हाई?"

"हिचा मलेरिया मेंदूत गेलाय. डास चावला की जंतू आत शिरतो आन् पुढं तांबड्या रक्तपेशीत घुसतो. आपल्या गावच्या सोसायटीत तो पुढारी सुंदरराव घुसला आन् दारापत्तर सोताचीच माणसं बसवली ना? पाटी सोसायटीची, कारभार त्याचा. तसाच ह्यो जंतू सोताची प्रथिनं पेशीभर धाडतो, पार भिंतीपत्तर. भिंतीवर चिकट गाठी उठत्यात आन् पेशी रक्तवाहिनीला चिकटून बसती. मेंदूतल्या बारीक वाहिन्या तुंबल्या की माणूस बरळतं, झटके येत्यात. आसूड बसतो पाठीवर. त्या पेशीला त्याचं काय?"

इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी छबुनं डोळे उघडले. पाठ टेकवत नव्हती, म्हणून ती कुशीवर पडली होती. सुग्रीव समोरच बसला होता.

"ताप तर भावजींलाबी हुता," ती हळूच म्हणाली. "मग मलाच कावून मारलं?"

 बाबांनो, ह्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे का? नसेल, तर डास होऊ नयेत म्हणून टँकरच्या पाण्याची पिंपं झाकून ठेवा, आणि घरातली बाई तापली की देवरुष्याला बोलवण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या.