दळणाला समोरासमोर

मी जातं बोलतोय. ओव्या ऐकत फिरणारं घरातलं जातं नव्हे, तुरुंगातलं. खालापूरच्या पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं, तेही शिव्या देत. तिथून बैलगाडीनं कर्जतच्या तुरुंगात आलो. माझा खुंटा कुणी मायेनं धरला नाही. मीही धरणाऱ्यांच्या हातांना फोडच दिले.

बेचाळीसची धामधूम सरल्यानंतरचा हिवाळा असेल. सरकारी जंगलातला साग तोडला म्हणून पदू नावाचा शेतकरी आत आला. मला पाहून नव्हे, माझ्याशेजारी बसलेल्या धाऊला पाहून तो दारातच मागं सरला. बांधाच्या भांडणात धाऊनं एकाचं डोकं फोडलं होतं, आणि कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती ती याच पदूनं.

शिपायाला हे ठाऊक होतं. मुद्दाम त्यानं दोघांना दळायला समोरासमोर बसवलं.

"बघू आता कुणाचं पीठ निघतं!"

पदूनं खुंटा धरला. सकाळची भाकरी त्यानं तोडलीही नव्हती. थोड्याच वेळात त्याला श्वास घेता येईना. छाती धरून तो माझ्यावर कोसळला.

"मेलो... मेलो रं..."

"ढोंगी मेला!" शिपायानं काठी उगारली.

"काठी खाली घ्या," धाऊ खेकसला. मग पदूवर डाफरला, "मरत नाय तू. नवा व्हतो तवा मीबी असाच झालो. धर खुंटा. माझ्याकडं आला का श्वास घे, तुझ्याकडं आला का सोड."

"तू मारशील मला."

"मनात लय हाय. पन आज नाय. फिरव!"

मी फिरू लागलो. पदूचा श्वास हळूहळू माझ्या घरघरीच्या लयीत आला. धाऊ रागारागातच सांगत राहिला: दार कधी उघडतं, पाणी कुठं मिळतं, कोणता शिपाई नुसता ओरडतो आणि कोणता खरंच मारतो, घरच्यांची भेट कशी मागायची.

"कळलं ना आता समदं? मंग खा ती भाकर."

पदूनं खाल्ली.

त्यांची मैत्री झाली असं समजू नका. एकदा पदू म्हणाला, "कोर्टात मी खरं तेच बोललो रं." धाऊनं मूठभर नाचणी त्याच्या तोंडावर फेकली. मग दोघांनी दाणे वेचून माझ्या तोंडात घातले.

सुटला त्या दिवशी पदूनं हात जोडले. "धाऊ, तू नसतास तर मी..."

"हात जोडू नको. भायेर गाठ पडली तर सोडायचा नाय तुला."

पदू गेला. धाऊनं मान वर करून पाहिलंही नाही.

आता गिरणीचं पीठ येतं. माझा काठ फुटलाय. भिंतीमागं शिपाई माझ्यावर पाय धुतात. मला उचलू नका, पुन्हा दळायची हौस नाही. एवढंच करा: आत नवा माणूस आला, की उद्या सकाळी काय होणार ते त्याला दारातच सांगा. धाऊसारखं डाफरून सांगितलंत तरी चालेल.