मास्तरीणबाईंसाठी जागा

मामाच्या फोनने तिसऱ्यांदा "जागा अपुरी आहे" म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. लिनक्स प्रणालीवर चालणारा हा फोन मीच त्याच्या गळ्यात मारला होता. त्यात कप्पे दोन: एक मामाच्या सामानाचा, जवळजवळ रिकामा, दुसरा सिस्टीमचा, एवढासा आणि खच्चून भरलेला. मधली भिंत हलवावी तर सगळंच पुसलं जायची भीती. अपडेट घेतल्याशिवाय तर कॉल धड लागत नव्हते. मामा घरोघरी जाऊन पियानोचे सूर लावून देतो. फोन बंद म्हणजे काम बंद.

"सगळ्यात जास्त जागा कोण खातंय?" मामाने विचारलं.

मी कमांड टाकली आणि उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मामाला दिसत नाही. फोनमधला एक आवाज त्याला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्याला तो मास्तरीणबाई म्हणतो. जागा बाईंनीच अडवली होती. मामाच्या रिकाम्या कप्प्यात हलवून पाहिलं, तर त्यांनी तोंडच उघडलं नाही. मुकाट्याने परत आणून बसवलं.

"त्यांना काढून छोटा आवाज टाकू?"

"तो पत्र्याच्या डब्यातला? दिवसभर तो ऐकू मी? बाई गेल्या तर फोनही घेऊन जा तुझा." त्याचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं. मग तोच खुर्ची ओढून पुढे सरकला. "आत आणखी काय काय आहे गं? वाच की."

पहिला फोल्डर वॉलपेपरचा.

"माझ्या फोनमध्ये चित्रं?" मामा खो खो हसला. "कसली?"

"डोंगर, तलाव, एक मांजर."

"मांजराला नमस्कार सांग आणि काढ."

मग आयकॉन गेले. तरी जागा थोडी कमीच. पुढे फॉन्ट निघाले, जगभरच्या लिप्यांचे.

"अक्षरांचे आकार? मला?" मामाला आता चेव चढला होता. "सगळे काढ!"

मीही भरात सगळे उडवले. जागा झाली, अपडेट सुरू झालं. फोन बंद होऊन उघडला, तर पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. खाली दोन बटणं, त्यांवरही चौकोनच.

"मामा, घोटाळा झाला. मला काहीच वाचता येत नाहीये."

"आण इकडे." त्याने पडद्यावरून बोट फिरवलं. मास्तरीणबाई खणखणीत बोलल्या, "अपडेट पूर्ण करा." बोट सरकलं. "जुन्यावर परत जा."

मामाने पहिलं बटण दाबलं. थोड्या वेळाने बाईंनी सांगितलं, "अपडेट पूर्ण झालं."

पडद्यावर माझ्यासाठी अजून चौकोनच होते.

"बस अशी शेजारी," मामा म्हणाला. "काय वाचून हवंय ते सांग."