भाऊरावांचे चौदा धडे

"ओव्हरलोड?" भाऊरावकाकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "ओव्हरलोड क्रेनले येते. याले कावून येऊन राहिलं? यानं काय उचललं?"

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं लुकलुकत होती. एन्कोडिंग ओव्हरलोडेड.

"तुमचं ड्रॉइंग उचललं, काकाजी. जड हाय ते."

"कागदाले वजन नसते बे, सुशील."

"तुमचा आवाज बी उचलून राहिलं नं सोबत. तो जड हाय."

काकाजी हसले आणि लगेच खोकले. आतून वच्छलाकाकू ओरडल्या, "हसवू नको रे त्यायले! अन् तुमी बोलू नका. पोरायसाठी ठेवा तो आवाज."

जामुलच्या त्यांच्या घरातली ही गुरुवारची सकाळ. मी भिलाई-३ ला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. दोन्ही धंदे बरे चालतात. एकदा मी काकाजींच्या कॉम्प्युटरचा पडदा दोन बटणं दाबून उलटा करून ठेवला होता. माणसं अशा वेळी घाबरून फोन करतात. काकाजींनी फोन केलाच नाही. चार दिवसांनी मीच गेलो, तर त्यांनी मॉनिटरच उलटा करून विटांवर टेकवला होता आणि आरामात काम चाललं होतं. "बिघाड होता. रिपेअर केला," म्हणाले.

भाऊराव मेश्राम भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं होते, फिटर फोरमन म्हणून रिटायर झाले. त्यानंतर दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये ते आयटीआयच्या पोरापोरींना ड्रॉइंग वाचायला शिकवायचे. ड्रॉइंग म्हणजे यंत्राचा नकाशा. कुठली रेघ कशाची, ते पुस्तकात असतं. ती रेघ तिथंच का ओढली, ती चुकीची वाचली तर कोणाचं बोट जातं, हे काकाजी सांगायचे. या पोरांपैकी कितीतरी आज ठेकेदारांकडे फिटर आहेत, आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. मी मोजलीत.

आता काकाजींच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी रायपूरला ऑपरेशन. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही. म्हणून काकाजींनी चौदा धडे ठरवले. पडद्यावर ड्रॉइंग उघडायचं, माउसचा बाण फिरवायचा आणि बोलायचं. पडदा आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड व्हायला हवे. मोबाइल समोर धरून पाहिला होता, पण त्यात बारीक रेघा गायब व्हायच्या, आणि बारीक रेघाच तर शिकवायच्या होत्या.

हातात चार दिवस होते आणि मशीन दमून चाललं होतं. पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं हलतात. ती सगळी दाबून, घडी घालून फाईलमध्ये भरायची असतात; यालाच एन्कोडिंग म्हणतात. हे काम प्रोसेसरकडून करवलं की जुना प्रोसेसर धापा टाकतो. बाण इथं आणि आवाज तिथं. काकाजी म्हणायचे "हा नट", तेव्हा बाण अजून मागच्या वॉशरवर असायचा.

"हे तर शिकवनं नाई, हा अपघात हाय," काकाजी म्हणाले.

"थांबा. हे काम ग्राफिक्स कार्डाले देऊ. त्याच्यात त्याच कामाची वेगळी चिप असते."

कार्ड मीच मागच्या वर्षी बसवून दिलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचं नाव निवडलं, बटण दाबलं. एन्कोडर उघडता येत नाही, असा निरोप आला. ड्रायव्हर नवा टाकला. तोच निरोप. जुना टाकला, त्याहून जुना टाकला, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. तोच निरोप. दुपार झाली. काकाजी एक शब्द न बोलता शेजारी बसून होते. बोललं की घसा दुखायचा. संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या.

"निघालं का तुमचं भूत?"

"निघते, काकू."

"त्यायले विचारते मी. तुले नाई. तू तर त्या भुताचाच भाऊ हायेस."

गुरुवार असा गेला. शुक्रवारी सकाळी मी कार्ड बाहेर काढलं, त्याचा पंखा खोलला आणि चिपवरचा नंबर वाचला. चिप भलतीच जुनी होती. कोणीतरी तिच्या मेमरीत नव्या कार्डाचं नाव भरून मला विकलं होतं. कॉम्प्युटरला विचारा, तो नवं नाव सांगणार. काम सांगा, ते तिला येतच नाही. मीच घासाघीस करून घेतलं होतं, वर समोरच्या माणसाला बावळट समजलो होतो.

लपवता आलं असतं. पण काकाजी शेजारीच बसले होते आणि त्यांना माणसाचं तोंड ड्रॉइंगसारखं वाचता यायचं.

"काय झालं बे?"

"नकली हाय, काकाजी. मलेच कोनीतरी टोपी घातली."

काकाजी इतके हसले की काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. डोळे पुसत, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भेटला! तुले बी तुया गुरू भेटला!"

ते हसणं महाग पडलं, पुढचे दोन तास त्यांना गरम पाण्याशिवाय काही गिळता येईना. पण कार्ड निघालं तसा मार्ग सापडला. प्रोसेसरच्या पोटातच एक छोटं ग्राफिक्स असतं. वर कार्ड बसलं की ते झोपून जातं. मी मॉनिटरची वायर मूळ बोर्डाला लावली, मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या झोपलेल्याला उठवलं आणि घड्या घालायचं काम त्याला दिलं. मी माइकवर काहीबाही बरळलो, रेकॉर्डिंग थांबवलं, फाईल चालवली. चित्र लोण्यासारखं. बाण आणि आवाज अगदी जोडीनं.

"आता?" काकाजींनी विचारलं.

"आता तुमी अन् तुमचं ड्रॉइंग."

फाईल कुठल्या प्रकारची हवी, ते निवडायचं होतं. पोरं मोबाइलवर बघणार, म्हणून सगळ्या मोबाइलवर चालेल तो प्रकार मी निवडला. त्यासरशी खाली पिवळ्या अक्षरांत एक सूचना आली. गेली कित्येक वर्षं ती येते. फाईल नीट बंद झाली नाही तर परत मिळणार नाही, असं काहीतरी त्यात असतं. तिच्यावरून मी आजवर हजारदा पुढं गेलोय. त्या दिवशीही गेलो.

"हे लाल बटन दाबलं का सुरू," मी सांगितलं. "मधात दुसरं काही उघडू नका. अन् धडा झाला का तो चालवून ऐकत बसू नका."

"कावून?"

"तुमी ऐकाल, मंग म्हनाल हे बरोबर नाई झालं, मंग पुन्यांदा कराल. चौदा धडे हायेत आन् दोन दिवस. मी मंगळवारी येऊन सगळं पाहतो."

"बरोबर," काकाजी म्हणाले. फोरमन माणूस. एकदा सूचना मिळाली की तिच्याबाहेर जायचा नाही.

त्यांनी दाराला लाल पुठ्ठा टांगला: काम चालू आहे, भाऊराव मेश्राम. कारखान्यातली रीत. ज्याच्या नावाची पाटी, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. शनिवारी काकूंनी शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा बंद करवला.

रविवारी दुपारी काकाजींचा फोन आला. आवाज कागद फाडल्यासारखा.

"झाले चौदा."

"चौदाच्या चौदा?"

"चौदा फाईली दिसून राहिल्या. शेवटचा गिअरबॉक्सचा. त्याच्यात एक गोष्ट सांगतली, जे मी आजवर कोनाले नाई सांगतली."

"काय?"

"पाहाशील नं मंगळवारी. ठेव आता. दम लागते."

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. ऑपरेशन नीट झालं होतं, काकू तिकडं रायपूरलाच होत्या, किल्ली शेजारी ठेवली होती. चौदा फाईली, प्रत्येकीचं वजन भरपूर. पहिली उघडली. ही फाईल चालू शकत नाही. दुसरी उघडली. ही फाईल चालू शकत नाही. चौदावीपर्यंत मी एकेक करून उघडत गेलो, कारण त्याशिवाय दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. माझी शुक्रवारची बरळ तेवढी छान चालत होती.

मी काकूंना फोन लावला.

"काकू, काकाजी धडा झाला का बंद कसं करत होते?"

"करत होते नं बरोबर. तुले काय वाटलं, विसरले?"

"पन कसं? कोनतं बटन?"

"अरे, त्यायची सवय तुले मालूम नाई का? काम संपलं का पयले मेन स्विच काटाचा. धडा झाला का हात वर करून म्हनत, ‘लाईन बंद’, अन् भिंतीवरचा मेन खाली. मंग च्या पेत. मंग दुसरा धडा. कावून रे?"

"काही नाई, काकू. असंच."

चौतीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. यंत्रापासून हात काढायचा तर आधी त्याची वीज तोडायची. त्याच सवयीनं त्यांची बोटं शाबूत होती. कॉम्प्युटरही ते कायम तसाच बंद करायचे, ड्रॉइंग आधी सेव्ह केलेलं असायचं म्हणून कधी काही बिघडलं नाही. रेकॉर्डिंग मात्र आधी थांबवावं लागतं. थांबवलं की फाईलच्या आत कुठं काय ठेवलंय याची यादी लिहिली जाते. यादीच नाही तर फाईल म्हणजे नुसता ढीग. सुरू करायचं लाल बटण मी दाखवलं होतं. थांबवायचं दाखवलंच नव्हतं. आणि शेजारी एक मोबाइल नुसता आवाज रेकॉर्ड करत ठेवला असता तरी भागलं असतं. ही अक्कल मला मंगळवारी आली.

दुकान बंद ठेवून मी चार दिवस त्या ढिगात बसलो. असल्या फाईली जोडणारे प्रोग्राम असतात, ते सगळे लावून पाहिले. ओळखीच्या ओळखीनं पुण्याच्या एकाला फाईली पाठवल्या. चित्र सापडलं, चौदाही धड्यांचं. ड्रॉइंग स्वच्छ, बारीक रेघाही स्वच्छ, बाण हलतोय. आवाजाच्या जागी आधी खरखर यायची, मग तीही थांबायची.

विहारातल्या वर्गात दीक्षा नावाची एक मुलगी आहे, फिटरच्या शेवटच्या वर्षाची. तिला मी पहिला धडा पाठवला. तिचा लगेच फोन आला. "भैया, बस माउस घूम रहा है. सर बोल क्या रहे हैं?"

तीन आठवड्यांनी मी जामुलला गेलो. काकाजी खुर्चीत बसले होते, गळ्याशी पांढरी पट्टी, मांडीवर पाटी. काकू म्हणाल्या, "ये. आता कितीबी हसव. आवाज होत नाई."

मी सगळं सांगितलं. पिवळी सूचना, न दाखवलेलं बटण, सगळं. आयुष्यात इतकं सरळ मी कधी बोललो नसेन. काकाजींनी ऐकून घेतलं. मग पाटीवर लिहिलं, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहायचे तशा उभ्या, सारख्या अक्षरांत: मेन मी पाडला.

"पन मी सांगतलंच नाई नं तुमाले, काकाजी."

त्यांनी पाटी तशीच माझ्यासमोर धरून ठेवली. मी गप्प बसल्यावर खाली ठेवली.

काकू आतून एक वही घेऊन आल्या. "लिहून काढाले बसले होते. पाच मिनिटाच्या बोलन्याले आठ पानं झाली. हात दुखून येते. अन् काय बोलले ते त्यायलेच आठवत नाई. बोलता बोलता निघते ते, लिहिताना येतच नाई." त्यांनी वही टेबलावर ठेवली. आठव्या पानानंतर ती कोरी होती.

काकाजींनी पडद्याकडं बोट केलं. मी चौदावा धडा लावला, गिअरबॉक्सचा. वीस मिनिटं आम्ही तिघं त्या बाणाकडं बघत होतो. तो एका कडेनं उतरला, थांबला, परत वर गेला. शेवटी शेवटी तो एका छोट्या पिनेपाशी आला आणि तिच्याभोवती तीनदा फिरला. मग बराच वेळ तिथंच उभा राहिला. काकाजींचे ओठ हलले.

त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला, व्हिडिओ थोडा मागं नेला. बाण पुन्हा आला, तीनदा फिरला, उभा राहिला. काकाजी पुढं वाकून पडद्याकडं बघत होते, कपाळाला आठ्या. पुन्हा मागं नेला. पुन्हा तेच.

मग ते माझ्याकडं वळले. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर बघायचे तसे, भुवया उंचावून. समजलं का?

त्या पिनेची गोष्ट मला कळली नव्हती, तरी मी मान हलवली. समजलं म्हणून.