परळची शेजारीण

"लहू, तुला भेटायला बाई आलीय रे!" कुशाबा दारातूनच ओरडला.

लहू खाटेवर अर्धवट उठला. "कसली बाई?"

"कसली म्हणजे? दोन पायांची! थांब, घेऊनच येतो."

कुलाब्याच्या लष्करी इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. सुदानात, सुवाकीनच्या लढाईतही ते शेजारीच खंदक खणत. तिथे पाणी मापून मिळे, आणि ऊन उतरलं की पलटणीतले मराठे गावाकडच्या भातखाचरांच्या गोष्टी काढत. लहूही काढी. घरच्या बैलांचं त्याने इतकं वर्णन केलं होतं की कुशाबाने त्यातली एक जोडी मागून ठेवली होती.

बैल कुठले! लहू वरळीचा कोळी. पलटणीत मराठेच घेतात म्हणून त्याने जात चोरली, गाव चोरलं, आणि आईला बजावलं, "मला भेटायला यायचं नाय. तुला बघितलं की कळंल." पहाऱ्यावर असताना दर्यात एखादं शीड दिसे आणि त्याचे डोळे भरून येत. वाळू गेली, असं तो सांगे.

आता आई कोळणीच्या आखूड लुगड्याचा कासोटा घट्ट मारून सगळ्यांसमोरून येणार. जिच्यासाठी तो तिथे झुरला, ती नसू दे म्हणून त्याने देवाला हात जोडले.

तीच आली. पण लुगडं घोट्यापर्यंत, पदर डोक्यावरून.

"मी ह्यांच्या गावची. शेजारीण," त्याची आई, गुणवंती, कुशाबाला म्हणाली. "मालक परळाला गिरणीत असतात." भरलेला हंडा न सांडता आणावा, तसं ती जपून बोलत होती.

"हो, शेजारीण," लहू म्हणाला. जीभ झडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "बा कसाय?"

"बरे हायत. परवापासनं... शेतावर गेलेत." तिने खिडकीबाहेरच्या दर्याकडे पाहिलं. "वारा लय सुटलाय."

"शेतावरच्या माणसाला वाऱ्याचं कसलं भ्या, मावशी?" कुशाबा हसला. "उलट पाखरं बसत नाहीत!"

तीही हसली, नि उठली.

"अरे, वयानं मोठी बाई. पाया पड की!"

जखमी पाय सावरत लहू खाटेवरूनच वाकला. आईचा उजवा हात डोक्यावर टेकला आणि कानाशी काचेच्या बांगड्या वाजल्या.

तो तसाच राहिला. कोळ्याची लेक लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला वाहते, माझा धनी सांभाळ म्हणून. मग तो हात जन्मभर मोकळा; कोळीण त्यावरूनच ओळखू येते. समुद्राला वाहिलेलं कुणी परत घेत नाही. आणि धनी दर्यात असताना तर नाहीच नाही. आईच्या त्या हाताचा आवाज त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

त्याला मान वर करवेना.

"औक्षवंत हो," शेजारीण म्हणाली.