टेलर मास्तर आणि सैल दोरा

चाळीस वर्षं दोऱ्याशी संसार केलेल्या टेलर मास्तरांना तलावातल्या बास माशांनी त्या सकाळी तीनदा मामा बनवलं. नायलॉनचा दोरा जरा हलला की मास्तर झटक्यात गळाची काठी उचलत, आणि वर येई ते नुसतं आमिषाचं रबरी गांडूळ, शेपटी कुरतडलेलं.

"बाबा, मशीन नाही चालवायचंय," लेक म्हणाली. "त्याला नीट तोंडात घेऊ द्या. दोरा सैल सोडा, तीन मोजा, मग ओढा."

"सैल दोऱ्याने टाका बसतो होय कधी?"

"इथे बसतो."

एरवी मास्तरांनी शिलाईवर व्याख्यानच झोडलं असतं. पण आज घोडं त्यांचंच अडलं होतं. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी चालून आली होती. उद्या होकार कळवायचा आणि आठवड्यात रुजू व्हायचं. दुकान बंद केल्यापासून खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाह्यांना नावं ठेवणाऱ्या बापाला एकटं टाकून जायला मात्र ती तयार नव्हती. "तुम्ही कशात तरी रमलेले दिसलात तर जाईन," असं तिने साफ सांगितलं होतं. त्यामुळे रमणं भाग होतं. मास्तर पहाटेपासून ओढूनताणून रमत होते.

तशी सुरुवात काही वाईट झाली नव्हती. गाठ आवळण्याआधी ओली करायची असते, हे लेकीने सांगायच्या आतच त्यांनी दोरा तोंडात घातला होता. गळाचं टोक गांडुळात दडवलं तर ते पाणवेलींत अडकत नाही, हेही शिकवावं लागलं नाही. उघडी सुई त्यांना जन्मात खपली नव्हती. मग उरलेला दोरा दातांनी तोडायला गेले आणि कवळी हलली. लेकीने कात्री पुढे केली.

चौथ्यांदा गांडूळ पाणवेलींच्या अगदी कडेला पडलं. दोरा थरथरला. मास्तरांचे हात शिवशिवले.

"एक," लेक हळूच म्हणाली.

"गप्प! मासा बिथरेल!"

ती चाट पडली. मास्तरांनी मनात दोन म्हटलं, तीन म्हटलं, पदरचं एक चारही घातलं आणि काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली. पुढची दोन मिनिटं मास्तर जे काही बोलले, ते गिऱ्हाइकांसमोर कधी बोलले नव्हते.

अखेर हिरवट, रुंद जबड्याचा बास जाळीत आला. मास्तरांनी हात ओला करून त्याला धरलं आणि सवयीने गळ्यातली टेप काढली. दुकान गेलं तरी टेप गळ्यातून उतरली नव्हती.

"लांबी पंधरा. पोट अकरा. जरा ढिलं ठेवू, वाढतं अंग आहे," म्हणत त्यांनी त्याला अलगद पाण्यात सोडलं. "पुढच्या रविवारी त्या कोपऱ्यात टाकू. याचा थोरला भाऊ तिथेच असणार. आपण जरा लवकर..."

ते थांबले. पुढच्या रविवारी ते एकटेच येणार होते.

"रमलात की हो, बाबा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

सकाळभर ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते पदरात पडलं होतं, आणि आता मास्तरांना ते नको होतं. जाऊ नकोस, हे शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी मनात तीन मोजले.

"उद्या कशाला? आजच कळवून टाक," ते म्हणाले. "आणि रविवारी सकाळी फोन करू नकोस. मासे बिथरतात."