नाकोजींनी ओळखलेलं निळं फूल

नाकोजी साबणाच्या कारखान्यात वासमास्तर. नाक असं तिखट, की शेजारणीचं दूध उतू जायच्या आधीच हे इकडून ओरडत, "गॅस बंद करा!" उभा जन्म पुदिन्याच्या साबणाच्या वड्या चोळून हुंगण्यात गेला.

आता ध्यास एकच. रविवारी रानफुलं बघायला निघणाऱ्या मंडळींच्या म्होरक्याची शिट्टी आपल्या गळ्यात पडावी. जुना म्होरक्या परगावी गेला होता आणि ठरलं असं की, कारखान्यामागच्या पडीक जागेतलं निळं फूल जो ओळखेल, तो नवा म्होरक्या. आडवा आला कोण? बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी.

नाकोजींनी पान चुरगाळलं, हुंगलं. "पुदिन्याचं कूळ! आणि आपल्याच मातीतलं!"

घड्याळजीनं गवताची काडी पुढे केली. "मग हे, भावोजी?"

चोळलं, हुंगलं. "हेही पुदिन्याचंच."

"आणि ही माझी छत्री?"

"चुलत घराणं असावं."

शेवटी पठ्ठ्यानं टक्कल पुढे केलं. नाकोजींनी तेही मन लावून चोळलं, हुंगलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. टकलालाही पुदिना!

मंडळी हसून गडाबडा लोळली. बायको म्हणाली, "अहो, वास तुमच्या बोटांना येतोय! हात धुऊन या आधी."

आले धुऊन. पण कारखान्याच्या नळावर दुसरा साबण असणार कुठला? वास दुप्पट झाला.

"ताई, बांध यांचे हात," घड्याळजी म्हणाला. तिनं रुमालानं ते पाठीमागे करकचून बांधले.

नाकोजी गुडघ्यांवर बसले. नाक पानांत खुपसलं. वास? कशाचाच नाही! तिकडे घड्याळजीची मान शिट्टीच्या दोरीत शिरायला लागली.

"थांब रे, उतावळ्या!" नाकोजींनी देठ ओठांत धरला. तो फिरवता येईना, म्हणून स्वतःच त्याच्याभोवती फिरले, घाण्याच्या बैलासारखे. मग उठले ते गर्जतच. "देठ चौकोनी! पानं जोडीनं, समोरासमोर. आणि फुलाला वरचा ओठ, खालचा ओठ, तुझी ताई रुसल्यावर करते तस्सा! वास नसेना का, कूळ पुदिन्याचंच!"

"आणि आपल्या मातीतलं कशावरून?"

"जुन्या म्होरक्यालाच विचार! कारखान्याचा पाया खणला तेव्हा तो म्हणाला होता, हे फूल इथलं मूळचं, उपरे आपण."

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, देठ निरखला. मग कसनुसा म्हणाला, "चारही कोपरे आहेत. घ्या शिट्टी."

बायकोनं ती नवऱ्याच्या गळ्यात घातली, तोंडाशी धरली.

"अगं, हात तरी सोड!"

"फुंका तशीच," ती म्हणाली. "अजून पुष्कळ फुलं ओळखायचीत."