पेर्निकच्या ताणयंत्राची कबुली

मी एक जुनं ताणयंत्र आहे, मित्रांनो, आणि तुमच्यासमोर तोंड वर करून बोलायची मला लाज वाटते. पेर्निक नावाच्या खाणीच्या गावात, तिथल्या कॉलेजात, धातू आणि इतर पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या विभागात मी उभं आहे. पोलादाची कांडी माझ्या जबड्यांत धरतात. ती तुटेपर्यंत मी ओढतं आणि किती जोर लागला ते काट्यावर दाखवतं.

इथे मोठी पदवी हवी तर तोंडी परीक्षा, एक छापील लेख आणि माझ्यावरची कसोटी. स्वतः ओतलेल्या पोलादाच्या पाच कांड्या तोडायच्या, पाचही आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. संधी तीनच.

आमच्याकडे परीक्षेला निघालेल्याच्या वाटेवर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. प्रयोगशाळेचे गेंचोकाका प्रत्येकासाठी उंबऱ्यावर तांब्या रिकामा करायचे. फरशीचा उतार माझ्याकडे. पाणी माझ्या पायाखालच्या खड्ड्यात, वजनाच्या तरफेवर जायचं. पूर्वी दरवर्षी ती तरफ पुसून, तेल घालून, खरी वजनं टांगून काटा तपासत. अकरा वर्षांपूर्वी ते बंद झालं. "हे कधी खोटं बोलत नाही," असं सगळे म्हणायचे. मी फुशारून उभं राहायचं. आतून गंजत होतं ते मला कळत होतं.

मग स्टानिमिरा आली. खाणीतल्या चालकाची मुलगी, हातावर भट्टीचे डाग. तिच्या पाच कांड्यांचे पाच वेगळे आकडे आले. दुसऱ्यांदा तेच.

"बाई, आधी काटा तपासू या का?" तिनं विचारलं.

"चाळीस वर्षं ते बरोबर आहे," प्राध्यापिका वेल्चेवा म्हणाल्या. "तू इथे येऊन दोन वर्षं झाली. पोलाद कच्चं आहे तुझं."

"माझ्यावर शंका घे पोरी, ह्याच्यावर नको," काका हसले. "तिसऱ्या वेळी दोन तांबे ओततो, बघ."

"मग पोहायला येऊ की परीक्षेला, काका?"

दोन तांबे ओतले. बिचाऱ्याची माया होती ती. माझा काटा अडखळला, उडाला, पुन्हा अडखळला. तिनं तुटलेले तुकडे पिशवीत भरले आणि गेली. आता फरश्यांच्या दुकानात बसते.

वसंतात माझा काटा साफ अडकला, तेव्हा कुठे झाकण उघडलं. ज्या धारेवर तरफ झुलते, ती गंजून बोथट झालेली. काका तिथेच जमिनीवर बसले. "मीच ओतलं ना," एवढंच बोलले. तरफ बदलली. स्टानिमिराची एक उरलेली कांडी कपाटात होती, ती लावली. उत्तम पोलाद निघालं.

काका तिच्या दुकानात सांगायला गेले. ती म्हणाली, "हे लिहून द्याल का?" काकांनी लिहिलं. वेल्चेवाबाईंनी सही केली नाही. अकरा वर्षांचे सगळे निकाल उकरावे लागतील म्हणाल्या. उकरा की! भित्र्यांनो, माणूस मोडलेला चालतो, निकालांची वही मोडलेली चालत नाही?

तो कागद बिनसहीचा पडून आहे, आणि मी रोज नवी कांडी ओढतंय. मित्रांनो, यंत्राला तेल द्या, वर्षातून एकदा उघडून बघा. आणि यंत्र चुकलं असं कुणी पोरगी म्हणाली, तर आधी तिचं ऐका. मला लाज वाटते ती गंजाची नाही. तिला खोटं ठरवायला त्यांनी माझं नाव वापरलं, त्याची वाटते.